जुन्या चामडी बॅगेला उजाळा नको

खामगावकरांची नजर चांदीवर तयार झालेली आहे. या गावाला रजतनगरी म्हणतात. मूर्ती, ताटे, समया, पैंजण घ्यायला बाहेरगावची माणसे इथे येतात ती चांदीच्या शुद्धतेच्या भरवशावर. अशा गावात वस्तू काळवंडली की पहिला विचार उजाळ्याचाच येणार, आणि चांदीच्या बाबतीत तो बरोबरही आहे. पण हीच सवय घेऊन आपण कपाटातली आजीची चामडी पर्स किंवा आजोबांची कोर्टात न्यायची बॅग हातात घेतो आणि नुकसानाला सुरुवात होते. चामड्यावर खोबरेल तेल चोळले जाते, चापावर पितळ घासायची पावडर फिरते, उरलेसुरले बुटाचे पॉलिश झाकून टाकते. दोन दिवस बॅग झकास दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात पांढरी-हिरवी होऊन बाहेर येते. जुन्या बॅगा वयाने जितक्या जातात, तितक्याच त्या नव्या करण्याच्या हौसेने जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅग वाचवायची असेल तर तिच्यावर कमीत कमी करायचे, आणि जे करायचे ते पुढे कधी उलटवता येईल असेच करायचे. हा नियम का पाळायचा आणि प्रत्यक्षात कसा, ते इथे मांडतो.

सुरुवात चांदीपासूनच करू, कारण या नियमाचा पुरावा सराफाच्या दुकानातच आहे. घासून उजाळा दिला की वजनात घट येते, हे कोणताही जाणता कारागीर सांगेल. चांदीवरचा काळा थर बाहेरून बसलेली धूळ नसते. हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन चांदीचेच सल्फाइड झालेले असते. तो थर घासून काढला म्हणजे तेवढी चांदी गेली. भरीव ताटाला ही घट शंभर वर्षे सोसते. पर्सच्या चापावर मात्र निकेलचा किंवा सोनेरी मुलाम्याचा थर असतो आणि त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सोनेरी मुलामा तर पुष्कळदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. ताट घासायच्या हाताने तो चाप चार वेळा घासला की खालचे पितळ, लोखंड किंवा जस्ताचा मिश्रधातू उघडा पडतो. गेलेला मुलामा घासून परत येत नाही. म्हणून बॅगेचे कुलूप बफाच्या चाकावर धरायला सांगू नका. चाकाच्या उष्णतेने बाजूचे चामडे करपते आणि लाल पॉलिशची पूड टाक्यांत कायमची बसते.

काही करण्याआधी हातातली वस्तू नेमकी काय आहे ते ओळखायला हवे. बॅग रिकामी करून दिवसाच्या उजेडात घ्या आणि चामड्याची कापलेली कड पाहा. कडेला विणलेले कापड दिसले तर ते रेक्झिन किंवा पॉलियुरेथेन आहे. त्याचे पापुद्रे सुटत असतील तर हवेतल्या दमटपणाने थराचे रसायनच तुटत चाललेले असते. त्यावर क्रीम लावून काही होत नाही, त्यामुळे त्यात पैसे घालू नका. कड आरपार तपकिरी आणि आतली बाजू तंतुमय दिसली तर चामडे बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा वनस्पतींच्या रसात कमावलेले असण्याचा संभव जास्त. कडेचा गाभा निळसर-करडा दिसला तर ते क्रोमवर कमावलेले. क्रोमची कमावणी 1884 मध्ये ऑगस्टस शुल्ट्झच्या अमेरिकन पेटंटनंतर व्यापारात उतरली आणि विसाव्या शतकात तिने बाजार व्यापला. क्रोमचे चामडे खामगावच्या जिनिंगवाल्यांना नवे नाही. कापसाच्या डबल रोलर जिनच्या रोलरवर त्याच्याच चकत्या बसवलेल्या असतात, कारण ते घर्षण आणि उष्णता दोन्ही सोसते. वनस्पतींत कमावलेले चामडे त्या मानाने फार नाजूक. दोन्हींना एकच उपाय लावणे इथूनच चुकते. कड रंगवून झाकलेली असेल तर पर्सच्या आत, खिशाच्या तोंडाशी किंवा पट्ट्याच्या छिद्रात कच्ची कड बहुधा सापडते.

आता पाणी. पुष्कळांना वाटते, थोडे कोमट पाणी आणि साबण यांत काय बिघडणार? बिघडते, आणि ते मोजता येते. कमावलेल्या चामड्याचा सामू आम्लाकडे, साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतो, तर आंघोळीच्या साबणाचा नऊ-दहाच्या घरात. साबणाचा मोठा कारखाना खामगावातच आहे आणि साबण उत्तम वस्तू आहे, पण ती त्वचेसाठी आणि कपड्यांसाठी. चामड्यात तो टॅनिन सैल करतो आणि रंग सोडवतो. उष्णतेचा धोका त्याहून मोठा. ओले चामडे एका ठराविक तापमानाला अचानक आक्रसते. क्रोमच्या चामड्यासाठी ते तापमान 100 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर असते. वनस्पतींत कमावलेल्या नव्या चामड्यासाठी 70 ते 85, आणि झिजलेल्या जुन्या चामड्यासाठी 60 अंशांच्याही खाली येऊ शकते. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते, हे लक्षात घेतले तर धोका किती जवळ आहे ते कळेल. आक्रसलेले चामडे काळे आणि शिंगासारखे कडक होते. ते पूर्ववत करण्याचा उपाय नाही. शिवाय पाण्याचा आणखी एक दोष या भागाला चांगला ठाऊक आहे. खामगावच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार चामड्यात जिरतात आणि पाणी सुकले की पांढरे होऊन वर येतात. म्हणून ओल लागेल तिथे बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर वापरा. सुती फडके त्यात भिजवून इतके पिळा की हाताला फक्त गारवा लागेल. आधी बॅगेच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने फिरवून पाहा. बोळ्यावर रंग आला, किंवा ओल लागल्याबरोबर चामडे गडद होऊन तसेच राहिले, तर तिथेच थांबा. त्या बॅगेला कोरडी सफाईच पुरे. कोरडी सफाई म्हणजे रंगकामाचा मऊ केसांचा ब्रश टाक्यांच्या दिशेने फिरवणे, अस्तर बाहेर काढून झटकणे आणि दुमडीतली धूळ काढणे. बहुतेक बॅगांचे निम्मे काम एवढ्यात होते.

कपाटातून काढलेल्या बॅगेवर पांढरे दिसले की घरोघरी त्याला सरसकट बुरशी म्हणतात. मात्र ते पांढरे तीन प्रकारचे असते, आणि तिन्हींचे उपाय वेगळे. घाईने हात न लावता ते नीट पाहा. पहिला प्रकार बुरशीचा. ती ठिपक्याठिपक्यांनी, बहुधा दुमडीत, टाक्यांच्या रांगेत आणि हात लागून घाम मुरलेल्या मुठीवर वाढते. तिला कुबट वास येतो, आणि पुसली तरी दमट हवेत आठवड्याभरात परत दिसते. दुसरा प्रकार चामड्यातल्या चरबीचा. ती थंड हवेत आतून वर येऊन सर्वत्र सारखा धुरकट थर धरते. केस वाळवायचा ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर ठेवून वीतभर अंतरावरून दोन सेकंद फिरवला तर हा थर वितळून दिसेनासा होतो. बुरशीचे तसे होत नाही. तिसरा क्षारांचा. तो बारीक स्फटिकांसारखा खरखरीत लागतो आणि ओलसर बोळ्याने विरघळतो. चरबीचा थर मऊ कोरड्या फडक्याने पुसला की झाले. क्षारांसाठी डिस्टिल्ड पाण्याचा ओलसर बोळा पुरतो. बुरशीसाठी मात्र बॅग घराबाहेर न्या, नाकाला मास्क बांधा, ब्रश आपल्यापासून दूर जाईल असा फिरवा आणि नंतर बॅग दोन-तीन दिवस वाऱ्यावर, सावलीत उघडी ठेवा. भर उन्हात वाळवायची घाई करू नका, बुरशीपेक्षा ते ऊन अधिक नुकसान करते. स्पिरिटने बुरशी मरते हे खरे. पण तेच स्पिरिट जुना रंग आणि लाखेचा लेपही उचलते, म्हणून चाचणी घेतल्याशिवाय ते वापरू नये.

तेलाचा मुद्दा सविस्तर मांडायला हवा, कारण सर्वाधिक बॅगा त्यानेच बिघडतात. आक्षेप सरळ आहे: कोल्हापुरी चपलेला तेल देतात, बैलांच्या चामडी पट्ट्यांना तेल देत आले, मग बॅगेला का नको? कोल्हापुरी चप्पल जाड चामड्याची असते. ती धूळ, पाणी आणि पाऊल सोसण्यासाठीच केलेली असते, आणि झिजली की नवी घेतली जाते. बॅगेचे चामडे पातळ असते. त्याच्या मागे पुठ्ठा, खळ, अस्तर आणि बाजूला धातू असतो. दिलेले तेल चामड्यात थांबत नाही. ते पुठ्ठ्यात उतरते, अस्तरावर डाग पाडते, धूळ धरते आणि उन्हाळ्यात पातळ होऊन खाली, तळाच्या शिवणीकडे सरकते. विदर्भात जवसाचे तेल हाताशी असते, पण ते सर्वांत वाईट. जवसाचे तेल हवेत सुकून कडक पापुद्रा धरते. रंगात ते याच गुणासाठी घालतात. चामड्याच्या तंतूंत तेच झाले की मऊपणाऐवजी ताठरपणा येतो. खोबरेल तेल तसे सुकत नाही, पण रंग गडद करते आणि थंडीत गोठून पांढरे होऊन वर येते.

संग्रहालयांचा अनुभवही याच दिशेला जातो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या नावाने ओळखले जाणारे चामड्याचे मलम एके काळी जगभर वापरले जाई. त्यात लॅनोलिन, मधमाश्यांचे मेण आणि सिडारवुड तेल हेक्झेनमध्ये विरघळवलेले असे. पुढे जतनतज्ज्ञांनी त्याचे दूरचे परिणाम पाहिले: चिकटपणा, गडद डाग, धुळीचे थर. आज अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस पुस्तकांच्या चामडी बांधणीला असे मलम लावण्याची शिफारस करत नाही. ज्या उपायावर मोठमोठ्या संस्थांनी विश्वास ठेवला तोच त्यांनी मागे घेतला, ही गोष्ट घरगुती प्रयोग करणाऱ्याने मनावर घेण्यासारखी आहे. तरीही इथे एक आक्षेप रास्त आहे, आणि मी तो मान्य करतो. संग्रहालयातले पुस्तक काचेआड राहते, तर आपली पर्स लग्नाला न्यायची असते. रोज वाकणारा पट्टा पूर्ण कोरडा असेल तर वाकण्याच्या जागी तडकतो. म्हणून वापरायच्या बॅगेला, चामडे कोरडे पण अखंड असेल तर, सिलिकॉन नसलेले लॅनोलिन किंवा मेणाचे क्रीम द्यावे. मात्र ते अगदी थोडे. संपूर्ण पर्सला अर्धा चमचा पुष्कळ झाला. क्रीम आधी फडक्यात जिरवा, मग फडके बॅगेवर फिरवा. एक दिवस तसेच ठेवा आणि वर राहिलेले कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्या. वर्षातून एकदा पुरे. जी बॅग फक्त आठवण म्हणून ठेवायची आहे, तिला तेवढेही नको.

बोटाला तांबूस पूड लागत असेल तर क्रीमही लावू नका. हा चामड्याचा एक आजार आहे. वनस्पतींत कमावलेले चामडे हवेतला गंधकाचा वायू शोषते, आत आम्ल तयार होते आणि तंतू भुगा होऊन गळू लागतात. 1843 मध्ये मायकेल फॅरडेने लंडनच्या एका क्लबातल्या चामडी खुर्च्यांच्या ऱ्हासाचा संबंध गॅसच्या दिव्यांतून येणाऱ्या गंधकाशी जोडला होता. आपल्याकडे दिव्यांची जागा वाहनांच्या आणि कोळशाच्या धुराने घेतली आहे. अशा चामड्याला तेल पाजले की ती पूड चिखलासारखी होऊन बसते, आणि पाणी लागले की जागा काळी पडते. जतनतज्ज्ञ त्यावर हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून ब्रशाने देतात. त्याने तंतू धरले जातात, पण चामड्याला पूर्वीची ताकद येत नाही. ते उपलब्ध नसेल तर बॅग धुतलेल्या जुन्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा आणि वापरू नका. तिच्याबाबतीत एवढेच योग्य आहे.

आता धातूकडे वळू. पितळी चाप आणि चामडे जिथे टेकतात तिथे हिरवा, मेणासारखा चिकट थर साठतो. त्यालाही लोक गंज समजतात आणि आम्ल किंवा पावडर लावतात. खरे तर चामड्यातल्या तेलाची आम्ले आणि पितळेतले तांबे यांच्या संयोगाने तयार झालेला तो तांब्याचा साबण आहे. म्हणजे चामड्याला पाजलेले तेलच धातूवर हिरवे होऊन बाहेर येते. चामड्याचा आणि धातूचा प्रश्न वेगळा मानून दोन वेगळे उपाय करणाऱ्यांच्या हातून हे नाते नेमके सुटते. तो थर काढायला दात कोरायची लाकडी काडी वापरा. सुई किंवा ब्लेडने पितळेवर ओरखडे उठतात आणि चामडे फाटते. काडीचे टोक किंचित ठेचून घ्या, थर कडेकडेने उचला आणि काडी दर वेळी फडक्याला पुसा, नाहीतर तोच हिरवा डाग पुढच्या जागी चोळला जातो. साफ झाल्यावर पारदर्शक प्लॅस्टिकच्या फाइलचा पातळ तुकडा धातूच्या मापाने कापून चाप आणि चामडे यांच्यामध्ये सरकवा. तो दिसत नाही आणि काढताही येतो.

धातू कोणता हे लोहचुंबकाने पाहा. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. झिजलेल्या कोपऱ्यांवर पांढऱ्याखाली पिवळे दिसले तर पितळेवर निकेल किंवा क्रोम आहे. क्रोमचा मुलामा 1920 च्या दशकाच्या मध्यापासून व्यवहारात आला, त्यामुळे मूळ निळसर-पांढऱ्या झगझगीत चापाची बॅग त्याआधीची नसते. मुलाम्याच्या धातूवर कोणतेही पॉलिश चालवू नका, कोरडे मऊ फडके पुरे. भरीव पितळ असेल तर बारीक खडूची पूड डिस्टिल्ड पाण्याच्या एका थेंबात कालवून, कापसाच्या काडीने, चामड्यावर प्लॅस्टिक झाकून, फक्त चाप उघडझाप होईल आणि हाताला चिकट लागणार नाही इतके स्वच्छ करा. शेवटी मेणाचा अगदी पातळ हात द्या. चिंच, लिंबू, पितांबरी ही देवघरातल्या समईसाठी ठीक, कारण समई लगेच धुता येते. बॅगेच्या कडीमागे शिरलेले आम्ल धुता येत नाही. ते पितळेतले जस्त खात राहते आणि धातूवर गुलाबी तांब्याचे डाग उमटतात. लोखंडी बक्कल असेल तर ओल आणखी घातक. पूर्वी हिरडा आणि हिराकस एकत्र करून काळी शाई करीत. वनस्पतींतल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग झाला की काळा रंग होतो, तीच क्रिया गंजलेल्या बकलाखालच्या ओल्या चामड्यात होते. तो डाग शाईचाच असतो आणि चामडे न बिघडवता निघत नाही.

पितळ चमकवायच्या काही पातळ पॉलिशांत अमोनिया असतो. त्याबद्दलचा धडा हिंदुस्थानातल्याच पावसाळ्याने दिलेला आहे. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात, आणि दमट दिवसांत ती आपोआप तडकत. कारण पुढे 1921 मध्ये इंग्लंडमधल्या संशोधनातून स्पष्ट झाले. जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि ठोकून आकार दिलेल्या पितळेत राहिलेला ताण, हे दोन एकत्र आले की धातूला चिरा जातात. पर्सचा चाप, बकलाची जीभ, बिजागरी हे सगळे वाकवून-ठोकून केलेले पितळ असते, म्हणजे ताण त्यात आधीच आहे. ओल्या महिन्यांत तिथे अमोनियाचे पॉलिश सांधीत राहू देणे म्हणजे तोच प्रयोग लहान प्रमाणात करणे. चांदीचा चाप असेल आणि तो सुटा होत असेल तरच सोडा व ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा उपाय करावा. त्याने सल्फाइडची परत चांदी होते आणि घट टळते. पण नक्षी उठून दिसावी म्हणून खोलगट भागात मुद्दाम ठेवलेला काळेपणाही जातो, आणि चामड्याला जोडलेल्या चापावर हा उपाय करायचाच नाही.

कुणी म्हणेल, चाप मुलामा देऊन नवा करून घेतला, चामड्यावर रंगाचा फवारा मारला, तर बॅग विकताना भाव चांगला येईल. जुन्या वस्तू जाणून घेणारा माणसाचा हात लागलेली झीज, मूळ मुलामा आणि मूळ टाका पाहतो. ते गेले की त्याच्या दृष्टीने बॅग नवी आणि म्हणून स्वस्त. फवाऱ्याचा रंग चामड्याच्या दाण्यात बसला की चामडे कोणते होते हेही कळेनासे होते. नव्या मुलाम्यासाठी आधी आम्लात बुडवून जुना थर उतरवावा लागतो. लोखंड आरपार गंजून चाप निकामी झाला असेल तर तो बदलणे योग्य, पण काढलेला जुना चाप आतल्या खिशात चिठ्ठीसह ठेवा. नवी बॅग स्वस्त पडते हा आक्षेप खरा आहे. निव्वळ सामान वाहायचे असेल तर नवीच घ्या. इथे चाललेली चर्चा ज्यांना हीच बॅग हवी आहे त्यांच्यासाठी आहे.

शिवण उसवली असेल तर बॅग शिवणयंत्रावर देऊ नका. यंत्राची सुई जुन्या छिद्रांच्या शेजारी नवी छिद्रे पाडते, आणि दोन रांगा जवळ आल्या की कुजके चामडे त्या रेषेवर तिकिटासारखे फाटते. हाताने शिवणाऱ्या चर्मकाराकडे जा आणि त्यांना आरीने जुनीच छिद्रे मोकळी करून, मेण लावलेल्या सुती दोऱ्याने, दोन्ही बाजूंनी टाके घालायला सांगा. दोरा नेहमी चामड्यापेक्षा कच्चा असावा. ओढ बसली की आधी दोरा तुटावा, तो पुन्हा घालता येतो. मजबूत नायलॉनचा दोरा न तुटता चामडेच कापतो. पिवळा रबरी सोल्यूशन आणि झटपट चिकटणारा गोंद दोन्ही नकोत. एक सुकून तपकिरी होतो, दुसरा काचेसारखा तडकतो. या कामाला वेळ लागतो, त्यामुळे मजुरी आधी विचारा आणि घासाघीस करू नका. हाताचा टाका जाणणारी माणसे कमी होत चालली आहेत, आणि त्यांना पुरेसा मोबदला मिळाला नाही तर आपल्या बॅगा शिवणारे कुणी उरणार नाही. 1974 मध्ये स्थापन झालेले संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ राज्यात आहे, पण चर्मकाराचे रोजचे काम अशा ग्राहकांवरच चालते.

इतके करून बॅग ठेवायची कुठे? खामगावचे हवामान चामड्याला दोन्ही टोकांनी छळते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून पंचेचाळिशीकडे सरकतो आणि हवा इतकी कोरडी होते की चामड्यातली ओल उडून ते ताठ होते. पाऊस सुरू झाला की सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांवर जाते आणि बुरशी उगवू लागते. पत्र्याखालचा माळा आणि मोरीला लागून असलेल्या भिंतीवरचे कपाट या दोन्ही जागा टाळा. आतल्या खोलीतले, बाहेरच्या भिंतीला न टेकणारे मधल्या उंचीचे कपाट चांगले. बॅगेत जुने धुतलेले सुती कापड सैल भरा, म्हणजे आकार राहतो. वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल अस्तरात उतरते. पट्ट्याला धरून टांगू नका. चाप उघडा ठेवा, डांबरगोळ्या आत टाकू नका, त्यांचा वास चामडे सोडत नाही. पावसाच्या चार महिन्यांत सिलिका जेलची पुडी ठेवून महिन्यातून एकदा बॅग उघडून पाहा, आणि दसऱ्याच्या साफसफाईत ती दिवसभर सावलीत वाऱ्यावर ठेवा.

तुमच्या घरात अशी एखादी बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली असेल, तर पहिला पाऊस पडण्याआधी ती पिशवी सोडा. आत ओल कोंडून राहते, तिथेच बुरशी धरते आणि तिथेच चाप हिरवा होतो. बॅग सुती कापडात गुंडाळा, कड पाहून चामडे कोणते ते ठरवा, ब्रश फिरवा आणि तेलाची बाटली परत स्वयंपाकघरात ठेवून द्या.